प्रोटीन पावडर घ्यावी का, कोणती आणि किती? ठाणे-नवी मुंबईतल्या व्यायाम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

येऊरच्या चढावर सायकल मारणारे, उपवन तलावाभोवती पळणारे, पाम बीच रोडवर पहाटे दिसणारे, घोडबंदर रोडवरच्या जिममध्ये वजनं उचलणारे आणि श्रावणात थर लावणारे गोविंदा, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न थोड्याफार फरकानं सारखेच असतात. उत्तरं निरोगी प्रौढांसाठी आहेत. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार असेल, गर्भारपण असेल, तर आकडे बदलतात आणि ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवेत.

व्यायाम सुरू केला की पावडर घ्यावीच लागते का?

नाही. पावडर म्हणजे दुधातून, सोयाबीनमधून किंवा वाटाण्यातून काढून वाळवलेलं प्रथिन. ते औषध नाही आणि त्यात जेवणाबाहेरचं काही नाही. जेवणातून प्रथिनं पुरत असतील तर पावडरीचा डबा आणण्याचं काही कारण नाही. पुरत नसतील तर मात्र तो सोयीचा असतो. म्हणून आधी वही-पेन घेऊन हिशेब करा, मग दुकानात जा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

मला दिवसाला किती प्रथिनं लागतात?

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम. हा आकडा रोजचं सामान्य आयुष्य जगणाऱ्यासाठी आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस नीट व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणात साधारण १.४ ते २ ग्रॅमचा पट्टा धरतात. स्नायू वाढवण्यापुरतं बोलायचं तर १.६ ग्रॅमच्या पुढे बहुतेकांना फारसा जादा फायदा दिसत नाही. वजन कमी करताना खाणं कमी झालेलं असतं, तेव्हा स्नायू टिकवायला या पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहणं बरं.

रोज अर्धा तास तलावपाळीला चालणं, एवढाच व्यायाम असेल तर १ ग्रॅमच्या आसपास पुरे. वजन फार जास्त असेल तर आजच्या वजनाऐवजी उंचीला साजेशा वजनावर गुणाकार करा, नाहीतर आकडा उगाच फुगतो.

हिशेब करून दाखवाल का?

वजन ७० किलो, आठवड्यातून चार दिवस जिम, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, असा माणूस धरू. लक्ष्य ७० गुणिले १.६, म्हणजे ११२ ग्रॅम. आता त्याचा नेहमीचा दिवस बघू.

सकाळी एक बशी कांदेपोहे (सुके पोहे ६० ग्रॅम): ४ ग्रॅम. दोन कपांच्या चहातलं दूध: ३. डब्यात तीन पोळ्या: १०, मटकीची उसळ (४० ग्रॅम कोरडी मटकी): ९, वाटीभर दही: ३.५. संध्याकाळी ऑफिसातून निघताना मूठभर चणे-शेंगदाणे: ८. रात्री भात ४, वरण ६.५, दोन पोळ्या ७, भाजी २. झोपताना पेलाभर दूध: ६.५.

बेरीज सुमारे ६४. आणि हा चांगल्या जेवणाचा दिवस आहे, त्यात उसळ आहे. डब्यात बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी ५५ पर्यंत खाली येईल.

तूट ४८ ग्रॅमची. ती भरायला ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या (१५), ५० ग्रॅम पनीर (९) आणि एक स्कूप, म्हणजे डब्यातलं एक माप, पावडर (२४). झाले ४८. पावडर नको असेल तर वड्या ५० ग्रॅम आणि पनीर १०० ग्रॅम करा, ४४ पर्यंत पोचाल. उरलेल्या चारांसाठी वरण जरा घट्ट करा. हे रोज जमणं अवघड असतं आणि पावडरीची खरी उपयुक्तता तिथेच आहे: सोय, बाकी काही नाही.

मांसाहारी घरात गणित सोपं होतं. १०० ग्रॅम कच्च्या चिकन ब्रेस्टमध्ये २२-२३ ग्रॅम प्रथिनं, बांगड्यात १९-२० आणि एका अंड्यात ६. रोज दोन अंडी आणि एक वेळ मासे किंवा चिकन असेल तर ७० किलोच्या माणसाला पावडरीच्या डब्याची गरज क्वचितच पडते. ओला बोंबील मात्र बहुतांशी पाणीच असतो, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

पनीर बनवल्यावर उरतं ते पाणी म्हणजेच व्हे ना? मग तेच प्यायलं तर?

नाव तेच, ताकद नाही. घरी दूध उकळून फाडतो तेव्हा व्हेमधली बरीचशी प्रथिनं उष्णतेनं घट्ट होऊन पनीरमध्येच अडकतात. खालच्या पेलाभर पाण्यात जेमतेम एक-दीड ग्रॅम उरतं. कारखान्यात चीज करताना निघालेलं पाणी गाळण्यांतून गाळून, लॅक्टोज (दुधातली साखर) आणि क्षार वेगळे काढून, आटवून, वाळवून पावडर होते. घरचं पाणी कणीक मळायला वापरा, पोळ्या मऊ होतात.

कॉन्सन्ट्रेट, आयसोलेट, हायड्रोलायझेट यांत फरक काय? महाग तेच चांगलं का?

कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ८० टक्क्यांपर्यंत प्रथिन असतं, बाकी थोडं लॅक्टोज आणि स्निग्धांश. आयसोलेटमध्ये ९० टक्के किंवा जास्त, लॅक्टोज नावापुरतं. हायड्रोलायझेट म्हणजे आधीच तुकडे केलेलं प्रथिन: कडवट आणि महाग. दूध पचत असेल तर कॉन्सन्ट्रेट पुरेसं आहे. दुधानं पोट गुरगुरत असेल तर आयसोलेटचे जादा पैसे वसूल होतात. हायड्रोलायझेटचे पैसे सर्वसाधारण व्यायाम करणाऱ्याला वसूल होताना दिसत नाहीत.

केसीन हे दुधातलं दुसरं प्रथिन, एकूण दुधातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ ८० टक्के. ते पोटात सावकाश उतरतं. त्याचा वेगळा डबा घेण्यापेक्षा रात्री दूध-पनीर खाल्लं तर तेच मिळतं.

दूधच चालत नाही, किंवा वीगन आहे. मग?

सोया आयसोलेट हा सर्वांत सरळ पर्याय, त्यात सगळी आवश्यक अमिनो आम्लं (प्रथिन ज्या घटकांनी बनतं ते) पुरेशी असतात. वाटाण्याच्या प्रथिनात मेथिओनिन कमी, तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी, म्हणून दोन्हींचं मिश्रण विकतात. वरण-भाताची जोडी ज्या कारणानं जमते, त्याच कारणानं. व्हेपेक्षा यांत ल्युसिन (स्नायू बांधायला चालना देणारं अमिनो आम्ल) कमी असतं, म्हणून एका वेळी २० ऐवजी २५-३० ग्रॅम प्रथिन घ्या.

एक सावधगिरी: वनस्पतींपासून केलेल्या पावडरींत शिसं आणि कॅडमियम दुधाच्या पावडरींपेक्षा जास्त सापडतं, चॉकलेट चवीत आणखी. जी कंपनी प्रत्येक बॅचचा जड धातूंचा अहवाल दाखवते तिचीच पावडर घ्या आणि चव व्हॅनिला किंवा साधी निवडा.

दुधाच्या प्रथिनाचीच अ‍ॅलर्जी असेल (अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं) तर आयसोलेटही चालणार नाही. लॅक्टोज न पचणं वेगळं, अ‍ॅलर्जी वेगळी.

किडनी खराब होते म्हणतात. खरं काय?

घरातले मोठे हेच पहिलं विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसाला दर किलोमागे २ ग्रॅमपर्यंत प्रथिनं घेतल्यानं इजा होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. प्रथिनं वाढली की मूत्रपिंडाची गाळण्याची गती वाढते. ते जादा कामाशी जुळवून घेणं आहे, बिघाड नव्हे.

आधीच आजारी असलेल्या मूत्रपिंडाची गोष्ट वेगळी. तिथे प्रथिनं मोजूनमापून, बऱ्याचदा कमी करावी लागतात. आणि अडचण अशी की मूत्रपिंडाचा आजार बरीच वर्षं काही बोलत नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा वय चाळिशीपुढे असेल तर डबा फोडण्याआधी तीन तपासण्या करून घ्या: सीरम क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ), त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या गतीचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. शेवटची बहुतेक जण वगळतात, पण सुरुवातीचा बिघाड तिच्यातच आधी दिसतो.

मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल तर प्रथिनांचा अतिरेक टाळा आणि पाणी वाढवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामावाटे इतकं पाणी जातं की लघवी गडद होते. ती फिकट राहील इतकं प्या.

माझं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आलं. पावडर बंद करू?

आधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती वेगळी पावडर) घेता का, आदल्या दिवशी मांस किती खाल्लं आणि जोराचा व्यायाम कधी केला. या तिन्हींमुळे मूत्रपिंड ठणठणीत असतानाही आकडा वर जातो. दोन दिवस जड व्यायाम टाळून पुन्हा तपासा. शंका उरलीच तर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी असते, तिच्यावर स्नायूंचा परिणाम फार कमी होतो. यकृताच्या तपासणीतल्या एसजीओटी-एसजीपीटी या एन्झाइम्सचंही तसंच. पायांच्या जड व्यायामानंतर ते स्नायूंतूनच रक्तात येतात आणि अहवाल बघून यकृत बिघडल्याची धास्ती बसते.

मात्र पावडरीत जडीबुटींचे अर्क असतील तर धास्ती खरीही असू शकते. ग्रीन टीचा तीव्र अर्क आणि अश्वगंधा, दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. प्रथिनाच्या डब्यात या गोष्टींचं काहीही काम नाही. घटकांची यादी जितकी आखूड तितकं बरं.

डबा खरा आहे की बनावट, हे कसं ओळखायचं?

फसवणूक दोन प्रकारची असते आणि दोन्हींची ओळख वेगळी.

पहिली: नामांकित कंपनीच्या नावाचा नकली डबा. आयात केलेल्या डब्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी आणि त्याचा एफएसएसएआयनं (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण) दिलेला चौदा आकडी परवाना क्रमांक असलेलं लेबल हवंच. नसेल तर तो माल कुणाच्या बॅगेतून आलाय ते कुणालाच माहीत नाही, कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. परवाना क्रमांक एफएसएसएआयच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकून बघा. पण लक्षात घ्या, क्रमांक खरा निघाला म्हणजे डबा खरा असं होत नाही. क्रमांक छापायला कुणालाही येतो. म्हणून झाकणाखालचं सील, बॅच क्रमांक डब्यावर आणि तळाशी सारखाच आहे का, खरवडून मिळणारा कोड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पहिल्यांदाच तपासला जातोय का, हे बघा. कोड तपासायला क्यूआर स्कॅन करू नका, पत्ता हातानं टाइप करा. नकली डब्याचा क्यूआर नकली पानावर नेतो आणि तिथे हिरवी खूण हजर असते.

दुसरी जास्त चलाख असते: कंपनी खरी, सील खरं, पण आत लिहिलंय तेवढं प्रथिन नाही. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणतात. त्यामुळे स्वस्त नायट्रोजन मिसळला की प्रथिनाचा आकडा फुगतो. ग्लायसिन हे स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं तर त्याचा १ ग्रॅम चाचणीत सुमारे १.१७ ग्रॅम प्रथिन म्हणून दिसतो. क्रिएटिनचा १ ग्रॅम तर चक्क २ ग्रॅम दिसतो! २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजननं भरलेलं रसायन मिसळण्याचा जो प्रकार उघडकीला आला, त्याचं मूळ याच पळवाटेत होतं.

म्हणून लेबलवर दोन ठिकाणी बोट ठेवा. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन सुटे लिहिलेत का? आणि अमिनो आम्लांचा तक्ता दिलाय का? २४ ग्रॅम व्हे प्रथिनात ल्युसिन सुमारे २.५ ग्रॅम आणि तिन्ही बीसीएए (ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं) मिळून साडेपाचच्या आसपास यायला हवीत. ल्युसिन दीड ग्रॅम असेल तर उरलेलं प्रथिन व्हेचं नाही. तक्ताच नसेल तर दुसरा डबा बघा.

ही शंका पोकळ नाही. २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतीय बाजारातल्या ३६ पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या लेबलवरची प्रथिनाची माहिती चुकीची निघाली, काहींत बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिन आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले. धोका प्रथिनात कमी आणि डब्यात जास्त आहे, असं आमचं मत त्यामुळेच.

घरी तपासता येतं का? जाळून बघतात, गरम पाण्यात टाकून बघतात...

त्या व्हिडिओंचा उपयोग करमणुकीपुरता. कुठलंही प्रथिन जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि कुठलंही चांगलं व्हे उकळत्या पाण्यात गुठळ्या धरतं. आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग आला तर पिठूळ पदार्थ मिसळलाय हे कळतं, इतकंच. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चचे बारीक तुकडे करून केलेली भुकटी) आणि साखर त्यातून निसटतात.

खरी तपासणी प्रयोगशाळेतच. एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या अन्न प्रयोगशाळा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात आहेत. खर्च एकट्याला जड जातो, पण एकाच जिममधले दहा जण एकच बॅच घेत असतील तर वर्गणी काढून करता येतो. नुसतं ‘प्रोटीन’ सांगू नका, अमिनो आम्लांचा तक्ता मागा, नाहीतर वर सांगितलेली पळवाट तशीच राहते.

ऑनलाइन घ्यावं की दुकानातून?

कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, किंवा कंपनीनं आपल्या यादीत नाव दिलेल्या दुकानातून. मोठ्या ऑनलाइन बाजारात घ्यायचं तर ‘विक्रेता’ या ओळीत कोण आहे ते बघा. एकाच पानावर दहा विक्रेते असतात. जिम ट्रेनर देतोय म्हणून बिलाशिवाय घेऊ नका. त्याला त्यावर कमिशन असतं यात गैर काही नाही, पण उद्या पोट बिघडलं तर बिलाशिवाय तुमच्या हातात काहीच नसतं. आणि डब्याबरोबर कुणी ‘जरा लवकर रिझल्ट’ म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन पुढे केलं तर तो प्रथिनांचा विषय राहिलेला नाही, ते स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी.

स्वस्त-महाग कसं ठरवायचं?

डब्याच्या किमतीवरून नाही, प्रथिनाच्या ग्रॅमवरून. समजा एक किलोचा डबा २,६०० रुपयांना, त्यात ३० ग्रॅमचे ३३ स्कूप, प्रत्येकी २४ ग्रॅम प्रथिन. एकूण ७९२ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सुमारे ३ रुपये ३० पैसे. अंडं ७ रुपयांना धरलं तर ग्रॅमला १ रुपया १७ पैसे. पनीर ४०० रुपये किलो धरलं तर सव्वादोन रुपयांच्या आसपास. सोयाबीन वड्या १५० रुपये किलो धरल्या तर ३० पैसेही नाहीत. तुमच्या वाण्याचे भाव घालून हाच भागाकार करा.

शिवाय स्कूपमधलं प्रथिन भागिले स्कूपचं वजन बघा. ३० ग्रॅममध्ये २४ म्हणजे ८० टक्के, उत्तम. ३५ ग्रॅममध्ये २० म्हणजे ५७ टक्के. उरलेल्या ४३ टक्क्यांत तुम्ही कोको आणि साखर व्हेच्या भावानं घेताय.

मास गेनर घेऊ का? वजनच वाढत नाही.

त्याच्यात मुख्य माल माल्टोडेक्स्ट्रिन असतो, म्हणजे पटकन साखर होणारा पिठूळ पदार्थ. दोन केळी, पेलाभर दूध, ३० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, दोन खजूर मिक्सरमधून काढा: ५५० कॅलरीच्या आसपास आणि १६-१७ ग्रॅम प्रथिनं. हवं तर त्यात अर्धा स्कूप व्हे. घरात मधुमेह असेल तर गेनरच्या वाटेला जाऊच नका.

व्यायामानंतर अर्ध्या तासात नाही घेतलं तर वाया जातं?

नाही. दिवसभराची बेरीज महत्त्वाची. ती तीन-चार वेळांत विभागून, प्रत्येक वेळी दर किलोमागे ०.२५ ते ०.४ ग्रॅम आली की झालं. ७० किलोला १८ ते २८ ग्रॅम. आपल्याकडे सकाळ रिकामी जाते आणि सगळा भार रात्रीच्या जेवणावर पडतो. म्हणून एक स्कूप घ्यायचाच असेल तर तो पोहे-उपम्याच्या न्याहारीबरोबर घ्या, मग जिम संध्याकाळी असली तरी.

सकाळी जिम करून थेट फास्ट लोकल पकडणाऱ्यांनी शेकरमध्ये कोरडी पावडर आणि वेगळ्या बाटलीत पाणी न्यावं. कालवून डब्यात चढू नका. गर्दीत झाकण उघडलं की तुमचा आणि शेजाऱ्याचा, दोघांचा दिवस जातो.

गुठळ्या होतात, फेस येतो, वास येतो. चुकतंय कुठे?

आधी पाणी, मग पावडर. उलट केलं की तळाला लगदा चिकटतो. २०० ते २५० मिली गार किंवा साधं पाणी, दहा सेकंद हलवा, मिनिटभर ठेवा, पुन्हा हलवा. गरम दुधात थेट टाकली की गुठळ्या होणारच. ओट्समध्ये घालायची तर गॅस बंद करून, कोमट झाल्यावर घाला. शिजवल्यानं प्रथिन ‘मरत’ नाही, धिरड्यात किंवा थालीपिठाच्या पिठात घातलं तरी पोषण तेच. फक्त जास्त घातलं तर धिरडं रबरासारखं होतं, चार भाग पिठाला एक भाग बस.

कालवलेलं मिश्रण दूधच समजा. आपल्या दमट हवेत दोन तासांत संपवा. शेकर लगेच विसळा. झाकणाच्या पिळात आणि रबराच्या कडीत राहिलेलं व्हे कुजतं आणि तो वास मग साबणानं जात नाही. रबर काढून, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवा. तरी वास राहिला तर शेकर टाकून द्या.

स्कूपवर विश्वास ठेवू नका. पावडर प्रवासात दबते, हलवली की फुलते आणि तोच स्कूप कधी २६ ग्रॅम तर कधी ३६ भरतो. एकदा तरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा.

पावसाळ्यात पावडर दगडासारखी झाली. खायची का?

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवाच ओली. सैल गुठळी बोटानं चुरली आणि वास नेहमीचा असेल तर चालेल. घट्ट खडे, पिवळट-तपकिरी रंग, कुबट वास किंवा हिरवा-काळा ठिपका असेल तर सगळा डबा फेका, वरचा थर काढून खालचं खाऊ नका. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही.

टाळायचं तर पावसाळ्यात पाच किलोच्या सवलतीला भुलू नका, एक किलोच घ्या. आतली सिलिका जेलची पुडी राहू द्या. स्कूप कोरडा हवा. आणि डबा फ्रिजमध्ये ठेवू नका: गार डबा बाहेर काढून उघडला की हवेतलं पाणी पावडरीवरच बसतं. ओट्यापासून आणि बाथरूमच्या भिंतीपासून लांब, बंद कपाट उत्तम.

पोट फुगतं, वायू होतो. तोंडावर मुरुमं आलीत. केसही गळतायत.

पोटाची कारणं तीन: लॅक्टोज, गोडी आणणारे पदार्थ (सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, काहींना सुक्रालोज) किंवा पहिल्याच दिवशी दोन स्कूप. अर्ध्या स्कूपनं आठवडाभर चालवा, पाण्यात घ्या, मग आयसोलेट, मग बिनगोडीची पावडर, या क्रमानं बदल करून बघा. बद्धकोष्ठ झालं तर बहुधा शेकमुळे भाजी-कोशिंबीर मागे पडलेली असते.

मुरुमांचा व्हेशी संबंध काही जणांत दिसतो. सहा आठवडे बंद करून सोया किंवा अंड्यांवर जाऊन बघा. केस गळण्याचा आरोप व्हेवर सिद्ध झालेला नाही. झपाट्यानं वजन उतरवलं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि पावडर बऱ्याचदा त्याच सुमारास सुरू झालेली असते.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. देऊ का?

नको. त्याला भूक लागते, त्या भुकेला जेवण द्या: सरावानंतर दोन अंडी-पोळी किंवा उसळ-पाव आणि दूध. या वयात पावडरीनं जेवण मागे पडतं आणि जिमच्या कट्ट्यावरच्या पुढच्या सल्ल्यांचं दार उघडतं.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत, जेवण कमी झालंय. त्यांना चालेल?

चालेल, आणि खरं तर तिशीतल्या जिमवाल्यापेक्षा त्यांना जास्त गरज असू शकते. वयानुसार स्नायू झडतात. ज्येष्ठांना दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हवं आणि चहा-टोस्टवर निभावणाऱ्यांना ते मिळत नाही. आधी मूत्रपिंडाची तपासणी, मग अर्धा स्कूप ताकात किंवा नाचणीच्या कोमट आंबिलीत. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठण्याचे दहा फेरे, दिवसातून दोनदा. नुसत्या प्रथिनानं ताकद येत नाही.

बायकांचं शरीर पुरुषी होतं का?

नाही. त्यात संप्रेरकं नसतात. बायकांसाठीच्या वेगळ्या गुलाबी डब्यात बहुधा तेच व्हे कमी प्रमाणात असतं.

थायरॉईडची गोळी चालू आहे.

थायरॉक्सिनची गोळी आणि व्हे यांत चार तासांचं अंतर ठेवा, व्हेमधल्या कॅल्शियममुळे गोळी नीट शोषली जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन यांसारख्या अँटिबायोटिक गोळ्याही शेकबरोबर घेऊ नका. पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू असेल तर वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

उपासाला चालतं का?

व्हे दुधाचंच, म्हणून पुष्कळ घरांत चालतं. पण घटकांत सोया लेसिथिन असतं, काही ठिकाणी ते अडतं. बिनचवीची, एकाच घटकाची पावडर घेतली की प्रश्न मिटतो. काही कट्टर शाकाहारी चीजसाठी प्राणिज रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) वापरलंय का तेही विचारतात. हिरवी खूण बघा आणि कंपनीला लिहून विचारा. पावडरच नको तर साबुदाण्याऐवजी राजगिरा निवडा: साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ शून्य, राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३-१४. खिचडीत जे काही मिळतं ते शेंगदाण्यांचं.

मी पळतो, वजनं उचलत नाही. मला काय?

१.४ च्या आसपास पुरेल. लांब पल्ल्याच्या दिवशी मात्र प्रथिनाआधी कर्बोदकं. नव्वद मिनिटं पळून आलात आणि नुसता व्हेचा शेक प्यायलात तर दुसऱ्या दिवशी पाय शिशाचे वाटतील. २०-२५ ग्रॅम प्रथिनाबरोबर केळी, पोहे, इडली असं काही खा. घाम जास्त येतो त्यांनी मीठही. गोविंदांनाही हेच लागू: रात्री अकराला सराव संपल्यावर वडापावऐवजी अंडाभुर्जी-पाव घेतला तरी बराच फरक पडतो.

राज्य पातळीवर खेळते. डोपिंगमध्ये अडकायची भीती आहे.

भीती योग्य आहे. व्हे बंदी घातलेल्या यादीत नाही, पण भेसळीतून स्टेरॉइड किंवा उत्तेजक शरीरात गेलं तर ‘मला माहीत नव्हतं’ यानं सुटका होत नाही, जबाबदारी खेळाडूचीच धरतात. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ यांनी तपासलेला डबाच घ्या, आणि नुसतं बोधचिन्ह बघू नका, तुमचा बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर शोधा. प्रत्येक डब्यातली दोन चमचे पावडर, बिल आणि लेबलचा फोटो स्पर्धेचा हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. प्री-वर्कआउट आणि फॅट बर्नर या वाटेला जाऊच नका.

डब्यात गडबड वाटतेय. तक्रार कुठे?

पावडर फेकू नका, डबा सीलबंद पिशवीत ठेवा. बिल, बॅच क्रमांक, सीलचा फोटो काढा. एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर तक्रार नोंदवता येते, तसंच अन्न व औषध प्रशासनाच्या ठाण्यातल्या कार्यालयात लेखी देता येते. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून सरकारी अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो आणि माल नियमांत बसत नसल्याचं निघालं तर ते शुल्क परत मिळतं. अट एकच: खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. म्हणून शंका असलेल्या दुकानातून दुसरा सीलबंद डबा घ्या, नमुना तपासायला देणार असल्याचं सांगूनच घ्या, आणि बिलावर बॅच क्रमांक लिहून मागा.